तळ दिसेना! – पोहण्याच्या टाकीतल्या गढूळ पाण्याने शिकवलेला पाठ



आठवीला द्रावण, निलंबन आणि कलिल शिकवताना मी इतकी वर्षं तीच तीन उदाहरणं देत आले. मीठ-पाणी, माती-पाणी, दूध-पाणी. मुलं वहीत तक्ता काढतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. या मे महिन्यात मात्र माझ्याच घरच्यांनी मला या धड्याची परीक्षा द्यायला लावली. तो सगळा प्रकार इथे लिहिते आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी किंवा सोसायटीत पोहण्याचा तलाव असेल तर थेट उपयोग होईल. नसेल तरी काळजी नाही, कारण यातले सगळे प्रयोग बाटल्या, तुरटी आणि व्हिनेगरवर होतात.

माझ्या धाकट्या दिरांनी सासवडच्या बाजूला घर बांधलं आणि मुलांच्या हट्टापायी मागच्या अंगणात छोटा तलाव केला. लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर, खोली सव्वा मीटर. गुणाकार मुलांकडूनच करून घ्या: ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर. पाणी बोअरचं. आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी ताकासारखं पांढुरकं दिसत होतं. "आठ दिवस झाले वहिनी, काय वाट्टेल ते केलं, निवळतच नाही," भाऊजी म्हणाले. "पण औषध भरपूर टाकलंय, जंतू काही राहिले नसतील." मुलं ऐकणार थोडीच? दुपारी सातही जणं पाण्यात.

मग जे झालं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यामुळे घडलं. जावेने खायला हाक मारली, मुलं बाहेर आली आणि मोजली तर सहा. पाच वर्षांची धाकटी नाही. सगळे पाण्याकडे पाहताहेत आणि पाण्यात काही म्हणजे काही दिसत नाही. सव्वा मीटर खोल पाणी, मोठ्या माणसाच्या जेमतेम पोटाच्या वर, पण तळ दिसेना. भाऊजींनी कपड्यांसकट उडी मारली आणि हाताने तळ चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेले. अर्धा मिनिट गेला असेल. तेवढ्यात धाकटी न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळून बाहेर आली. कोणी कोणाला काही बोललं नाही. भाऊजी पायरीवर बराच वेळ तसेच ओले बसून होते.

तर पालकांनो, पहिला नियम हाच. काठावर उभं राहून तलावाच्या सर्वांत खोल जागेची जाळी स्पष्ट दिसत नसेल, तर पाण्यात कोणीही उतरायचं नाही. औषध कितीही टाकलेलं असो. गढूळ पाणी आजार आणतं हे आपल्याला माहीत असतं; पण गढूळ पाण्यात बुडालेलं मूल दिसत नाही, हा त्याहून मोठा धोका आहे. त्या संध्याकाळी आम्ही एका जुन्या स्टीलच्या ताटलीवर काळ्या ऑइलपेंटने फुली काढली, ती तळाशी सोडली आणि ठरवलं, की फुली दिसली तरच पोहणं. (पाण्याची पारदर्शकता थाळी बुडवून मोजण्याची रीत जुनीच आहे. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढऱ्या तबकड्या सोडून हे मोजलं होतं. आजही सरोवरांच्या अभ्यासात 'सेकी तबकडी' वापरतात.)

आता प्रश्न असा, की पाणी निवळत का नव्हतं?

माझ्या धड्यातलं उत्तर तयार होतं. माती-पाणी हे निलंबन, ते ठेवलं की गाळ खाली बसतो. मग आठ दिवसांत का बसला नाही? इथे मुलांना कणाच्या आकाराचं गणित दाखवा. स्थिर पाण्यात कण किती वेगाने खाली जाईल हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. यालाच स्टोक्सचा नियम म्हणतात. व्यास दहापट लहान झाला तर वेग शंभरपट कमी. मातीचा १० मायक्रॉनचा कण आपल्याकडच्या उन्हाळी पाण्यात दिवसाला साधारण १० मीटर खाली जाऊ शकतो, म्हणजे भाऊजींच्या तलावाचा तळ तो तीन तासांत गाठेल. १ मायक्रॉनचा कण दिवसाला जेमतेम १० सेंटिमीटर. त्याला बारा-तेरा दिवस लागतील, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. आणि ०.१ मायक्रॉनचा? गणिताने तीन वर्षांहून जास्त. प्रत्यक्षात कधीच नाही, कारण पाण्याचे रेणू त्याला सतत इकडून तिकडे ढकलत राहतात. निलंबन संपून कलिल कुठे सुरू होतं, हे मी इतक्या वर्षांत मुलांना इतकं सोपं करून कधी सांगितलं नव्हतं.

बरं, खाली बसत नाही तर गाळणीत तरी अडकायला हवं. तलावाला वाळूची गाळणी असते. पण वाळूच्या गाळणीत साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडकतात. त्याहून बारीक कण एका बाजूने शिरतात आणि दुसऱ्या बाजूने निघतात. पिठाच्या चाळणीने धूर गाळण्यासारखंच ते.

रात्री काचेच्या ग्लासात ते पाणी घेऊन मोबाइलच्या टॉर्चचा झोत बाजूने सोडला. झोताची वाट पाण्यातून स्पष्ट दिसली. हाच टिंडल परिणाम. शेजारी पिण्याच्या पाण्याचा ग्लास ठेवला, त्यात वाट जवळजवळ दिसेना. हा प्रयोग वर्गात नक्की करा, खिडक्या लावून. मुलं "अरे!" म्हणतात.

आता माझी चूक. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, "भाऊजी, तुरटी टाका." आपल्या आज्या हेच करत होत्या ना! तुरटीचा खडा माठात चार फेरे फिरवायचा. कुठे निवळीची बी माठाच्या आतून घासायची. निवळीचा उल्लेख सुश्रुतसंहितेतही आहे, 'कतक' या नावाने. भाऊजी हसले. "तीन किलो टाकून झालीय वहिनी. काही फरक नाही." मी गप्प.

मग शिक्षकाने जे आधी करायला हवं ते केलं. विचारलं, की काय काय टाकलंत आणि कशा क्रमाने? उत्तर असं: रोज संध्याकाळी दोन मग टीसीएल पावडर थेट पाण्यावर भुरभुरायची, दोन तास मोटर चालवायची, सकाळी गाळणी उलटी धुवायची, म्हणजे बॅकवॉश, आणि पाणी अजून पांढरं दिसलं की टीसीएल वाढवायची. मध्येच तुरटी.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकतात तीच. तिच्यात उपयोगी क्लोरीन साधारण एक तृतीयांश असतो आणि बाकी बराचसा भाग चुन्याचा. चुना आम्लारी, म्हणजे पाण्याचा सामू वाढवणारा. त्यात बोअरचं पाणी आधीच जड. त्या घरातल्या गिझरची कॉइल काढून बघा, पांढरा थर असतो. जड पाण्यात सामू वाढला की विरघळलेला कॅल्शिअम कार्बोनेट रूपाने बाहेर पडतो. बारीक, पांढरा, तरंगणारा. म्हणजे पाणी पांढरं म्हणून पावडर टाकायची आणि पावडरीमुळे पाणी अजून पांढरं व्हायचं. आठ दिवस हेच चक्र चाललं होतं.

हे खरं आहे का, हे तपासायला एक फार सोपा प्रयोग आहे. तलावाच्या पाण्याचे दोन सारखे ग्लास घ्या. एकात दोन चमचे पांढरं व्हिनेगर, दुसऱ्यात तेवढंच साधं पाणी. (लिंबू नको, त्याचा रस स्वतःच गढूळ असतो.) ढवळा, पाच मिनिटं थांबा, दोन्ही ग्लास वर्तमानपत्रावर ठेवून वरून अक्षरं वाचा. व्हिनेगरचा ग्लास निवळला तर दोष चुन्याचा. काहीच फरक पडला नाही तर माती, धूळ किंवा मेलेलं शेवाळ. आमचा ग्लास अर्धामुर्धा निवळला. मथळा वाचता आला, बारीक मजकूर नाही. म्हणजे दोन्ही होतं: चुना आणि मे महिन्याच्या वाऱ्याने आणलेली माती. (पाणी हिरवट असतं तर गोष्ट वेगळी, तिथे आधी शेवाळ मारायचं, मग हे सगळं. तपकिरी असतं तर बोअरच्या लोहाची शंका घ्यायची.)

सामू मोजायचा किट घरात होता, कोणी उघडला नव्हता. सकाळी, काही टाकण्याआधी, नमुना घेतला. सामू ८.४. तलावासाठी ७.२ ते ७.८ हवा. आणि इथे सगळी गणितं एकदम जुळली. एक तर तुरटी. तुरटीचं काम असं: मातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि कधी एकत्र येत नाहीत. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनिअम तो प्रभार शमवतं आणि स्वतः अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके बनवतं; त्यात कण अडकतात, पुंजका जड होतो, खाली बसतो. पण सामू ८ च्या वर गेला की हे पुंजके नीट बनत नाहीत, अ‍ॅल्युमिनिअम पाण्यातच विरघळून राहतं. तीन किलो तुरटी तिथे गेली!

दुसरं, आणि पालकांसाठी महत्त्वाचं, ते क्लोरीनचं. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतो: हायपोक्लोरस आम्ल, जे जंतू झपाट्याने मारतं, आणि हायपोक्लोराइट, जे फार मंद. सामू ७.२ असेल तर सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असतो. ८.४ ला जेमतेम दहावा हिस्सा. शिवाय जंतू गाळाच्या कणांआड लपतात ते वेगळंच. म्हणजे "औषध भरपूर टाकलंय" हे वाक्य खरं असूनही पाणी सुरक्षित नव्हतं. आणि तलावाला क्लोरीनचा उग्र वास येतो म्हणजे औषध भरपूर, हाही गैरसमजच. तो वास बहुतेक क्लोरामाइनचा असतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ती बनतात, डोळे त्यानेच चुरचुरतात. मुलांना पाण्यात उतरण्याआधी अंघोळ का घालायची, याचं हे कारण घरी सांगून बघा. माझ्या पुतण्याने दुसऱ्या दिवशी न सांगता अंघोळ केली.

दरम्यान देखभालीला येणाऱ्या माणसाने सोपा उपाय सुचवला: "पाणी बदलून टाका." मी हट्टाने नाही म्हटलं. मे महिन्यात, रस्त्यावरून टँकर जाताना दिसत असताना, ४०,००० लिटर ओतून द्यायचं? जल जीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. भागाकार मुलांकडून करून घेतला: ७२७. म्हणजे एका माणसाचं जवळजवळ दोन वर्षांचं पाणी. हा आकडा ऐकून मुलं थोडा वेळ शांत झाली. आणि नवं पाणीही त्याच बोअरचं, तोच चुना घेऊन येणार. मुळात बोअरच्या पाण्यावर पोहण्याचा तलाव असावा का, यावर माझं मत भाऊजींना माहीत आहे, ते इथे नको.

मग आम्ही क्रम बदलला. आधी सामू, मग तुरटी, मग गाळणी. सामू उतरवायला तलावासाठी मिळणारं कोरडं आम्ल आणलं, पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे थोडं थोडं, बादलीत आधी पाणी आणि मग त्यात आम्ल, हातमोजे-चष्मा घालून, मुलांना आत पाठवून. दर वेळी टाकल्यावर चार तास मोटर, मग पुन्हा मोजणी. दोन दिवसांत ७.४. एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: आम्ल आणि टीसीएल कधीही एका बादलीत, एका मगाने, एका वेळी नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसं जाळतो. दोन्ही डबे वेगवेगळ्या जागी, कुलपात ठेवा.

सामू उतरल्यावरच पाणी ताकावरून पातळ सरबतावर आलं. फुलीची अंधूक सावली दिसू लागली. चुन्याचा बराच भाग परत विरघळला होता. राहिली माती.

तुरटी किती? हे अंदाजाने ठरवू नका, कारण जास्त टाकली म्हणजे जास्त निवळलं असं होत नाही. प्रमाणाबाहेर गेली तर कधी कधी पाणी गढूळच राहतं. पाणीपुरवठा केंद्रात जी 'जार टेस्ट' करतात ती आम्ही ओट्यावर केली, आणि शाळा सुरू झाली की वर्गातही करणार आहे. १० ग्रॅम तुरटी कुटून १ लिटर पाण्यात विरघळवा. आता या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी आहे. लिटरच्या पाच सारख्या बाटल्या गढूळ पाण्याने भरा आणि सुई नसलेल्या सिरिंजने त्यात अनुक्रमे १, २, ३, ४, ५ मिलिलिटर द्रावण सोडा. मिनिटभर जोरात हलवा, मग दहा मिनिटं अगदी हळू फिरवत राहा, मग अर्धा तास हात लावू नका. हळू फिरवणं महत्त्वाचं. त्यातच पुंजके एकमेकांना भेटून मोठे होतात. जोरात हलवत राहिलात तर मोडतात. आमच्याकडे दुसरी बाटली ठीक होती, तिसरी छान आणि चौथी-पाचवीत तिसरीपेक्षा काही वेगळं नव्हतं. मधलं प्रमाण धरलं, लिटरला २५ मिलिग्रॅम. गुणिले ४०,००० लिटर, म्हणजे बरोबर १ किलो. पुतणी म्हणाली, "काकू, बाबांनी तीन टाकली होती!"

संध्याकाळी किलोभर तुरटी दोन बादल्यांत विरघळवून सगळीकडे ओतली. व्हॉल्व्हवर 'रिसर्क्युलेट'ची खूण असते, तिथे ठेवून तासभर मोटर चालवली, म्हणजे पाणी वाळूतून न जाता फक्त फिरतं. पुंजके वाळूत गेले तर गाळणी तुंबते. मग मोटर बंद, रात्रभर. सकाळी सगळे चहा घ्यायच्या आधी काठावर. वरचं पाणी स्वच्छ आणि तळावर राखाडी दुलई पसरल्यासारखा गाळ. मुलांना पाय घालू दिला नाही. व्हॅक्यूमचा ब्रश अगदी हळू फिरवत तो गाळ गाळणीत न नेता 'वेस्ट'च्या वाटेने बाहेर शोषखड्ड्यात सोडला. पातळी दहा सेंटिमीटर उतरली, म्हणजे ३,२०० लिटर गेलं. सगळं पाणी टाकण्यापेक्षा बरं.

राहिलेल्या पुसट धुक्यासाठी मोटरचं गणित. मोटर तासाला ८,००० लिटर फिरवते, म्हणजे पाच तासांत ४०,००० लिटर. भाऊजींना वाटे, पाच तासांत सगळं पाणी गाळून होतं. होत नाही! गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळतं आणि तेच पुन्हा गाळणीत जातं. वर्गात दाखवा: १० लिटरच्या बादलीत शाईचं पाणी, १ लिटर काढा, १ लिटर स्वच्छ पाणी घाला, ढवळा. दहा वेळा केलं, म्हणजे पूर्ण १० लिटर 'बदललं', तरी ३५ टक्के शाई शिल्लक राहते. वीस वेळा केलं तर १२ टक्के, तीस वेळा केलं तर ४. दर वेळी ०.९ ने गुणायचं, चक्रवाढीचं गणित उलटं. तलावातही तसंच, चार फेरे, म्हणजे वीस तास, तेव्हा कुठे ९८ टक्के पाणी एकदा तरी गाळणीतून गेलेलं असतं. दिवसाला दोन तास मोटर चालवून आठ दिवसांत झाले तीन फेरे, त्यात रोज नवी धूळ आणि नवा चुना.

आणि रोजचा बॅकवॉश? तोही नडला. थोडी मळलेली वाळू नव्या वाळूपेक्षा बारीक गाळते, कारण अडकलेले कणच पुढच्या कणांना अडवतात. दाबमापक पाहायचा, धुतल्यानंतरच्या दाबापेक्षा ८-१० पीएसआय चढला की मगच धुवायची. भाऊजींनी काट्याजवळ खडूने खूण केली. टीसीएल आता बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणीच ओततात.

वर्गात हे घ्यायचं तर जूनमध्ये घ्या, ओढ्याचं पहिलं पाणी बाटलीत भरून. एक प्रश्न मात्र मुलांना आवर्जून विचारा: तुरटीने निवळलेलं पाणी प्यायचं का? बहुतेक हात वर होतात. मग सांगा, की दिसायला स्वच्छ आणि पिण्याला सुरक्षित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवळल्यावर उकळणं किंवा क्लोरीन हवंच. पण निवळल्याशिवाय क्लोरीनही नीट चालत नाही.

मुलं अकराव्या दिवशी पाण्यात उतरली. उतरण्याआधी धाकटीने काठावरून एक रुपयाचं नाणं टाकलं आणि काटा की छापा हे वरूनच ओरडून सांगितलं. आता भाऊजी रोज सकाळी ताटलीचा फोटो पाठवतात. परवा वळवाचा पाऊस झाला आणि फोटोतली फुली पुसट आली. मी लिहिलं, "सामू पाहिला का?" उत्तर आलं, "पाहिला. ७.६. तुरटीच्या बाटल्या लावल्यात. मुलं आत कॅरम खेळताहेत."